रिकामी खाट असूनही ‘पुढे न्या’ का म्हणतात?

हवेलीकर:
गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या छातीत रात्री अकराला कळ आली, म्हणून आमच्या भागातील सरकारी रुग्णालयात नेले. खाट रिकामी होती, मॉनिटरही होता. पण त्यावरचे प्लास्टिक अजून निघाले नव्हते आणि रात्रपाळीला फिजिशियन नव्हते. ईसीजी काढून, गोळी देऊन ‘पुढे न्या’ अशी चिठ्ठी मिळाली. पुण्याच्या कडेने वस्ती इतकी वाढत असताना सरकारी रुग्णालये कोणत्या हिशेबाने ठरतात, आणि खाटा वाढवून प्रश्न सुटेल काय?

निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक:
हिशेब लोकसंख्येचा आहे. मैदानी भागात ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांमागे ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय. डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे २० हजार आणि ८० हजार. अडचण अशी, की २०२१ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे आधाराला २०११चीच लोकसंख्या राहिली आणि तेव्हा जिथे ज्वारी उभी होती तिथले आजचे बारा मजली टॉवर त्या हिशेबात येत नाहीत. शिवाय इमारतीची मंजुरी वेगळी आणि पदनिर्मिती वेगळी. इमारत बांधकाम विभाग उभी करतो, पदांची फाइल मात्र वित्त विभागाकडे जाते, आणि पदे मंजूर झाली तरी ती भरली जातातच असे नाही. मी नोकरीत असताना रंगरंगोटी झालेल्या इमारतीला केवळ चौकीदार असल्याचे पाहिले आहे.

परिचारिका, रात्रपाळी:
खाट म्हणजे लोखंडी पलंग नव्हे. सहा रुग्णांमागे एक परिचारिका धरली, तरी ३० खाटांना एका पाळीत पाच आणि तीन पाळ्यांत पंधरा जणी लागतात. साप्ताहिक सुट्या, रजा आणि बाळंतपणाच्या रजा धरल्या तर त्याहून जास्त. अतिदक्षता विभागात तर जवळजवळ प्रत्येक रुग्णामागे एक हवी. आम्ही दोघींनी सगळा वॉर्ड सांभाळलेल्या रात्री मोजायला बसले, तर हाताची बोटे पुरणार नाहीत. पदे न भरता ३०च्या ५० खाटा केल्या, तर तेवढ्या चादरी वाढतील.

वाघोलीचा रहिवासी:
एक भर घालतो. ३० जून २०२१ रोजी आमच्यासह २३ गावे पुणे महापालिकेत आली, आणि शहरी निकष साधारण ५० हजारांमागे एक आरोग्य केंद्र असा असल्याने कागदावर आमची गरज एका दिवसात घटली. माणसे तेवढीच, रस्त्यावरची कोंडीही तीच. हवेलीकर, आपल्या रुग्णालयाची मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे संवर्गनिहाय, म्हणजे डॉक्टर, परिचारिका अशी पदाच्या प्रकारानुसार, माहिती अधिकारात मागवा. खाटांचा आकडा विचारलात तर ३० एवढेच उत्तर येईल.

हवेलीकर:
आभारी आहे. सासरे अँजिओप्लास्टीनंतर घरी आले आहेत. अर्ज सोमवारी देतो, आणि त्यात रात्रपाळीच्या फिजिशियनचा मुद्दा स्वतंत्रपणे विचारतो.