रुग्णसेवेतील कर्मचाऱ्यांना लशीची सक्ती : आपले अनुभव लिहावेत

गेल्या महिन्यात आमच्या रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीपुढे नेमणूकपत्राचा नवा मसुदा आला. त्यात एक ओळ वाढवलेली होती : हिपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या आणि इन्फ्लुएन्झा यांच्या लशी घेतल्याचा पुरावा रुजू होण्यापूर्वी सादर करावा, अन्यथा नेमणूक रद्द समजली जाईल. त्या एका ओळीवर आम्ही दोन तास वाद घातला. शेवटी लक्षात आले, की वाद घालणाऱ्या आठ जणांपैकी एकालाही कधी दूषित सुई टोचलेली नव्हती आणि लशीपायी कोणाची नोकरीही कधी अडचणीत आली नव्हती. म्हणून हा धागा. मते प्रत्येकाकडे भरपूर असतात. येथे कृपया स्वतःच्या किंवा अगदी जवळच्या माणसाच्या बाबतीत घडलेले लिहावे, आणि संस्थेचे वा व्यक्तीचे नाव घेऊ नये.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, म्हणजे त्यावर पुन्हा फाटे फुटणार नाहीत. कोविड लशीच्या सक्तीविरुद्धच्या जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी निकाल दिला, की राज्यघटनेच्या कलम २१ खाली स्वतःच्या शरीरावरचा हक्क येतो आणि कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही. त्याच निकालात सरकारचे लसीकरणाचे धोरण अवाजवी नसल्याचे म्हटले आहे, आणि सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, मात्र ते प्रमाणात असले पाहिजेत, असेही म्हटले आहे. तो निकाल कोविडच्या त्या वेळच्या परिस्थितीपुरता होता. कांजिण्यांचे काय, गोवराचे काय, हे प्रश्न त्याने सुटलेले नाहीत.

माझा कल लपवत नाही. ‘लस’ या एकाच शब्दाखाली आपण दोन निराळ्या गोष्टी बोलत असतो, असे मला वाटते. हिपॅटायटिस बीची लस प्रामुख्याने घेणाऱ्याला वाचवते; गोवराची लस मात्र नवजात शिशू कक्षातल्या, अजून लस घेण्याच्या वयाला न आलेल्या बाळालाही वाचवते. मालकाला आग्रह धरण्याचा अधिकार कोठून मिळतो, हे या फरकावर अवलंबून असावे. आता आपण लिहा.

निवृत्त परिचारिका, सांगली जिल्हा

१९९४ सालची गोष्ट आहे. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात माझी रात्रपाळी होती. खाटा बेचाळीस, रुग्ण साठच्या वर, काही जमिनीवर गाद्या टाकून, आणि त्या सर्वांना मिळून मी व एक शिकाऊ मुलगी. पहाटे साडेचारच्या सुमारास एका रुग्णाचे रक्त घेतले आणि सुईला परत टोपण लावताना ती टोपणाच्या कडेवरून घसरून माझ्या डाव्या तर्जनीत शिरली. वापरलेल्या सुईला टोपण लावू नये, हे आज पहिल्या वर्षाच्या मुलीलाही ठाऊक असते. आमच्या वेळी मात्र उघडी सुई ट्रेमध्ये ठेवली तर इनचार्ज सिस्टरची बोलणी खावी लागत. बोट नळाखाली धरले, स्पिरिट लावले आणि पुढच्या खाटेचे सलाईन संपत आले होते म्हणून तिकडे गेले.

तिसऱ्या दिवशी त्या रुग्णाचा रिपोर्ट आला : ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह. हिपॅटायटिस बीला तेव्हा आम्ही असेच म्हणत असू. मेट्रनबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, “लेखी देऊ नकोस, उगाच चौकशी मागे लागेल.” त्या वाईट नव्हत्या, त्यांनाही काय करायचे ते माहीत नव्हते. लस परदेशातून येत असे आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर ती स्वतःच्या पैशाने घेत असत. आम्हा सिस्टरांना ती कोणी देऊ केली नव्हती, आणि वॉर्डातल्या मामा-मावशींचा तर प्रश्नच नव्हता. इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन शहरातल्या एका दुकानदाराने मागवून दिले. त्यासाठी यजमानांनी पतपेढीतून उचल घेतली. मग लशीचे तीन डोस, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. ते सहा महिने मी रोज सकाळी आरशासमोर खालची पापणी ओढून डोळे पिवळे झाले का ते पाहत असे. मुलगी दीड वर्षाची होती. तिचा पेला, तिचा चमचा मी वेगळा ठेवला होता. तसे करण्याची गरज नव्हती हे मला फार नंतर कळले.

मला काही झाले नाही. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि किमती उतरल्या. पुढे काही वर्षांनी आमच्याकडे परिपत्रक आले, की सर्व परिचारिकांनी हिपॅटायटिस बीची लस घेतल्याचा दाखला पंधरा दिवसांत द्यावा, न दिल्यास वेतनवाढ रोखण्यात येईल. ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ज्या संस्थेने मला माझ्याच पैशाने जीव वाचवायला लावले होते, ती आता मला दटावत होती.

धागाकर्ती

सिस्टर, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. नव्या वाचकांसाठी एक माहिती जोडते : लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बीच्या रुग्णावर वापरलेली सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता शंभरात सहा ते तीस इतकी धरली जाते, एचआयव्हीच्या बाबतीत हीच शक्यता हजारात सुमारे तीन आहे. भीती मात्र सगळी एचआयव्हीच्या वाट्याला गेली. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण, तपासून तो दहाच्या वर आहे ना, हे पाहणेही तितकेच आवश्यक असते, आणि नेमके तेच आपल्याकडे क्वचित होते.

फिजिओथेरपिस्ट, पुणे

१६ जानेवारी २०२१ रोजी कोविडचे लसीकरण सुरू झाले तेव्हा मला चौथा महिना होता. सरकारच्याच सूचनेनुसार गर्भवती आणि स्तनदा मातांना लस द्यायची नव्हती. मार्चमध्ये आमच्या खासगी रुग्णालयाने ठरवले, की लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांना रुग्णांजवळ पाठवायचे नाही. मी प्रसूतितज्ज्ञांचे पत्र दिले. पत्र स्वीकारले गेले, रजाही मंजूर झाली. फक्त ती बिनपगारी होती. मनुष्यबळ विभागातील बाई अतिशय सौजन्याने म्हणाल्या, की नियम सर्वांना सारखा आहे.

स्तनदा मातांना मे महिन्यात परवानगी मिळाली आणि गर्भवतींना २ जुलैला. माझी प्रसूती जूनमध्ये झाली. म्हणजे सरकार मला लस घेऊ देत नव्हते आणि मालक मला लशीवाचून कामावर घेत नव्हता. मी लशीच्या विरोधात कधीच नव्हते. बाळ तीन आठवड्यांचे असताना रांगेत उभी राहून मी पहिला डोस घेतला. पण सक्तीच्या नियमात सवलत लिहिताना त्या सवलतीचा खर्च कोणी उचलायचा, हेही लिहावे, एवढे मला त्या तीन महिन्यांनी शिकवले.

रुग्णालय व्यवस्थापक, विदर्भ

वरच्या ताईंचा अनुभव वाचून वाईट वाटले, कारण तशाच सूचनेवर मीही सही केलेली आहे. टेबलाच्या या बाजूची एक आठवण सांगतो. सुरुवातीच्या आठवड्यांत आमच्या केंद्रावर कोव्हॅक्सिन आली होती. तिला तेव्हा ‘चिकित्सा चाचणी पद्धती’तच परवानगी होती, म्हणून प्रत्येकाकडून संमतिपत्र भरून घ्यावे लागत असे. कोणती लस मिळेल हे निवडण्याची सोय नव्हती. त्याच सकाळी वरून निरोप होता, की शंभर टक्के कर्मचारी दुपारपर्यंत झाले पाहिजेत. माझ्या एका हातात संमतिपत्रांचा गठ्ठा होता आणि दुसऱ्या हातात न आलेल्यांची यादी. प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञाने शांतपणे विचारले, “सर, संमती द्यायची की हजेरी द्यायची, ते एकदा सांगा.” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याला म्हणालो, की चार दिवस विचार कर. मार्चमध्ये ती अट निघाली, चाचणीचे आकडे आले, आणि तो स्वतःहून आला. त्या चार दिवसांबद्दल मला वरून मेमो मिळाला, तो अजून फाइलमध्ये आहे.

केअर होममधील परिचारिका, लेस्टर, इंग्लंड

इंग्लंडमध्ये ११ नोव्हेंबर २०२१ पासून केअर होममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला कोविड लशीचे दोन्ही डोस सक्तीचे झाले. वैद्यकीय कारण असलेल्यांना सूट होती. आमच्याकडे कॅरिबियन वंशाची एक सहकारी होती. एकोणीस वर्षे त्याच घरात काम केलेली. कोणत्या आजोबांना चहात अडीच चमचे साखर लागते आणि कोणत्या आजी डाव्या कुशीवरच झोपतात, हे तिला विचारावे लागत असे. तिने लस घेतली नाही. तिचे कारण मला पटत नव्हते आणि मी ते तिला सांगितलेही होते. एप्रिल २०२० मध्ये आमच्या घरातले सहा रहिवासी गेले. त्यांतल्या दोघांचा हात माझ्या हातात होता. त्यामुळे नियम आला तेव्हा मला बरेच वाटले, हे प्रामाणिकपणे लिहिते.

१० नोव्हेंबरला तिने शेवटची पाळी केली. पुढचा हिवाळा आम्ही एजन्सीच्या माणसांवर काढला. रोज नवा चेहरा, लस घेतलेला, पण कोणालाच न ओळखणारा. एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, रुग्णालयांना हाच नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू व्हायचा होता आणि त्यासाठी पहिला डोस ३ फेब्रुवारीपर्यंत घ्यायचा होता. तीन दिवस आधी, ३१ जानेवारीला, आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी तो मागे घेण्याचे जाहीर केले; ओमिक्रॉनचा आजार सौम्य असल्याचे कारण दिले गेले. १५ मार्चला केअर होमचा नियमही रद्द झाला. रुग्णालयांची माणसे वाचली, आमची आधीच गेली होती. तिला परत बोलावण्याचे पत्र कोणी पाठवले नाही. मी फोन केला तेव्हा ती एका सुपरमार्केटमध्ये कामाला होती.

एक वडील, मुंबई

मी आरोग्यसेवेत नाही, तरी लिहिण्याची परवानगी असावी. आमचा मुलगा सहा वर्षांचा असताना रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेत होता. केमोथेरपीमुळे त्याच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. त्या आठवड्यात वॉर्डातल्या एका तरुण कर्मचाऱ्याच्या कपाळावर दोन पुटकुळ्या दिसल्या. घामोळ्या असतील, असे तो म्हणाला. त्या कांजिण्या होत्या. त्याला लहानपणी त्या आल्या नव्हत्या आणि लसही मिळालेली नव्हती. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून हा आजार पसरतो, त्यामुळे दोष तरी त्याला कसा द्यावा?

डॉक्टरांनी त्या खोलीतील पाचही मुलांना त्याच संध्याकाळी असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू केले आणि एकवीस दिवस आम्ही रोज मुलाचे अंग टॉर्चच्या उजेडात तपासले. पत्नी केसांच्या मुळांपर्यंत पाहायची, म्हणजे उरलेले जे थोडे केस होते त्यांच्या. आमचा मुलगा वाचला; शेजारच्या खाटेवरच्या मुलीला कांजिण्या आल्या आणि तिची केमो महिनाभर लांबली. लेस्टरच्या ताईंच्या सहकारीबद्दल मला खरोखर वाईट वाटते. तरीही त्या वॉर्डाच्या दारावर मला सक्ती हवी आहे. ज्याला लस नको असेल, त्याला त्याच पगारात दुसऱ्या विभागात पाठवा, नोंदणीच्या खिडकीवर बसवा. माझ्या मुलाला मात्र दुसरा विभाग नव्हता.

भूलतज्ज्ञ, टेक्सास, अमेरिका

येथे दोन्ही पद्धती पाहिल्या. हिपॅटायटिस बीसाठी १९९१ पासून केंद्रीय नियम आहे, की रक्ताशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने कामावर घेतल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत मोफत लस देऊ केली पाहिजे. नको असल्यास कर्मचारी नकाराच्या अर्जावर सही करतो आणि मन बदलले तर पुढे केव्हाही तीच लस मोफत मागू शकतो. कोविडच्या वेळी उलट झाले : सरकारी विम्याचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना सक्तीचा आदेश निघाला, १३ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी चालू ठेवू दिला आणि २०२३ मध्ये सरकारनेच तो मागे घेतला. पहिल्या नियमावर माझ्या विभागात कधी भांडण झालेले आठवत नाही. दुसऱ्या नियमापासून दोन सहकारी एकमेकांशी बोलत नाहीत.

सफाई कामगार महिलेची मुलगी, मराठवाडा

माझी आई एका मोठ्या रुग्णालयात अकरा वर्षे कंत्राटदारामार्फत सफाईचे काम करते. पिवळ्या आणि लाल पिशव्या गोळा करून खालच्या खोलीत नेणे हे तिचे काम. सुया पांढऱ्या डब्यात टाकायच्या असतात. त्या पिशवीत येतात आणि पिशवीतून आईच्या पोटरीला लागतात. आतापर्यंत चार वेळा लागल्या.

वर कोणी लिहिले नाही म्हणून सांगते : जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे, की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी रुग्णालयाची आहे. म्हणजे आपल्याकडेही सक्ती आहे, फक्त ती कर्मचाऱ्यावर नसून संस्थेवर आहे. मी हे वाचून आईच्या वतीने चौकशी केली. रुग्णालय म्हणाले, ती कंत्राटदाराची माणसे आहेत. कंत्राटदार म्हणाला, रुग्णालयाला विचारा. शेवटी तपासणी येणार होती तेव्हा एक यादी तयार झाली आणि तिची प्रत मला पाहायला मिळाली. आईच्या नावापुढे तीन डोसांच्या तीन तारखा आहेत. त्यांतल्या दुसऱ्या तारखेला ती गावी आजीच्या तेराव्याला होती. शेवटच्या रकान्यात लस मिळाल्याची खूण म्हणून अंगठा उठवलेला आहे. आई सातवी शिकलेली आहे, ती सही करते.