मदत हवी आहे: शॉर्टफिल्मचं स्नेहसंमेलन झालंय

नमस्कार मंडळी,

मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकलाच. 'विविधता आणि संगीत' या विषयावर दहा मिनिटांची शॉर्टफिल्म द्यायची आहे. आम्ही तिघं, बजेट चहा-वडापावपुरतं.

पहिल्या कटमध्ये गोदाघाटावरचं भजन, कव्वाली, त्र्यंबकला निघालेल्या दिंडीचे टाळ, सुरगाण्याची पावरी (आदिवासींचं फुंकवाद्य), नाशिक ढोल, सगळं एकामागून एक लावलं. सर म्हणाले, "हे स्नेहसंमेलन झालं." राग आला, पण खरंच होतं.

मग परवा ढोलकीची पुडी (वाजवायचं कातडं) बदलायला एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. भिंतीला टेकून भजनी मंडळाचा पखवाज (धुमेवर, म्हणजे खर्जाच्या बाजूवर, वाळकी कणिक तशीच), कव्वालांचा ढोलक, भीमगीतांच्या पार्टीची ढोलकी आणि गोंधळ्यांचं संबळ. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. काका पायाने तबला दाबून वादी (चामड्याची पट्टी) ओढतात, तिच्याखालच्या लाकडी गठ्ठ्यावर हातोडी मारतात, कान लावतात, परत मारतात. मी तासभर तिथेच बसले. फिल्म इथेच आहे, असं वाटतंय.

पण काका म्हणतात, "हात घ्या, तोंड नको." नुसत्या हातांवर दहा मिनिटं तरतील का?

दुसरं, ढोल फोनवर घेतला तर आवाज पार फाटतो. आणि ती भीमगीतांची पार्टी लोककवी वामनदादा कर्डकांचं गाणं म्हणते. दादा आपल्याच सिन्नर तालुक्यातले, देशवंडीचे. फिल्म महोत्सवात पाठवायची तर परवानगी लागेल का?

प्रतिसाद

तोंड नको तर नको, आग्रह करू नकोस. त्यांचा आवाज मिळतो का बघ. आणि एकेका वाद्याच्या मागे त्याच्या घरापर्यंत जा. काकांनी तपासायला मारलेली शेवटची थाप आणि भजनातली पहिली थाप, तिथे कट मार. निवेदन लागणारच नाही.

ढोलासाठी फोनची ऑटो लेव्हल (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद कर. वादकाला आधी सगळ्यात जोरात वाजवायला सांग आणि तो आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लाव. माइक ढोलाच्या पानासमोर (कातड्यासमोर) नको, आठ-दहा फूट लांब, बाजूला. फाटलेला आवाज एडिटिंगला शिवता येत नाही. दुकानातली मिनिटभर शांतताही रेकॉर्ड कर, जोडकामाला लागते.

गाण्याला परवानगी लागेल. वामनदादा २००४ साली गेले, आणि आपल्याकडे कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. वारसांकडून लेखी घे, गाणाऱ्या पार्टीकडूनही.

धागाकर्ती

खूप आभार! थापेवरचा कट करून पाहिला, अंगावर काटा आला.

काका आवाज द्यायला तयार झाले. पण दुकानातला रेडिओ बंद करणार नाहीत, त्याशिवाय हात चालत नाही म्हणे. त्यावर दिवसभर जुनी सिनेमाची गाणी. म्हणजे शांतताही नाही आणि परवानग्यांची रांग वेगळीच. यावर काही उपाय?