एसटी स्टँडवरच्या माणसाला गावी पाठवायचंय, तिकीट काढून दिलं की झालं का?

लालपरी
आमच्या एसटी स्टँडबाहेरच्या शेडमध्ये दिवाळीपासून एक जण झोपतो. वय पन्नाशीच्या आसपास. मराठी येत नाही, हिंदी मोडकंतोडकं. पैसे मोजताना ‘ओकटी, रेंडू, मूडू’ म्हणतो. नाव कधी एक सांगतो, कधी दुसरं, पण गाव विचारलं की दर वेळी ‘पालमूर’. ते गुजरातचं पालनपूर असावं असा आमचा अंदाज. स्वतःशीच बडबडतो, कुणाला त्रास नाही. डाव्या पायाला जखम आहे, संध्याकाळी कधीमधी दारूचा वास येतो. ‘घरी जायचं का’ विचारलं तर मान हलवतो. रिक्षावाले आणि दुकानदार मिळून तिकिटाचे पैसे जमलेत, वर खर्चाला हजार-दीड हजार. पुण्याहून गाडीत बसवून द्यायचा विचार आहे. पोलिसांकडे गेलो तर भिकारी म्हणून उचलतील का? आणखी काय बघावं?

पायवाट
पालनपूरला अजिबात पाठवू नका. ओकटी-रेंडू-मूडू हे तेलुगू आकडे आहेत, आणि तेलुगू मुलखात पालमूर म्हणजे महबूबनगर. तेलंगणातला हा जुना दुष्काळी जिल्हा. तिथले मजूर बांधकामावर, कालव्याच्या खोदकामावर पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जातात, ‘पालमूर लेबर’ हा तिकडे रूढ शब्द आहे. म्हणजे तो कामासाठी निघाला आणि वाटेत कुठेतरी सुटला, अशी शक्यता बरीच.

मात्र ‘पालमूर’ हा पत्ता नाही. २०१६ मध्ये तेलंगणाने जिल्हे फोडले. जुन्या महबूबनगरमधून नागरकर्नूल, वनपर्ती, जोगुळांबा गदवाल निघाले, २०१९ मध्ये नारायणपेट वेगळा झाला (नारायणपेठी साड्यांचं गाव तेच). घर सोडून दहा वर्षं झालेला माणूस जुनाच जिल्हा सांगणार आणि तुम्ही आजच्या महबूबनगरच्या पोलिसांना फोन करून ‘असं गाव आमच्याकडे नाही’ हे उत्तर घेऊन बसणार. म्हणून जिल्हा सोडा, मंडल विचारा. आपल्या तालुक्यापेक्षा लहान एकक आहे ते, आणि बहुतेक मंडलांना स्वतःचं पोलीस ठाणं असतं. मंडल आणि गाव हाती आलं की ठाण्याचा नंबर शोधणं पाच मिनिटांचं काम.

विचारायला तेलुगू बोलणारा माणूस हवा, गूगलचं भाषांतर नको. तुमच्या भागात सेंटरिंगच्या कामावर तेलुगू मुकादम सापडेल. वडार वस्तीतल्या जुन्या माणसांची बोली तेलुगूच्या जवळची आहे. सोलापूरचा कुणी पद्मशाली (तेलुगू बोलणारा विणकर समाज) ओळखीचा असेल तर फारच उत्तम. ‘तुमचा पत्ता काय’ हा प्रश्न निरुपयोगी. आठवड्याचा बाजार कुठल्या गावी आणि कुठल्या वारी भरतो, बस कुठून पकडता, नदी की तलाव, जत्रा कुठल्या देवाची, शाळा कुठली, शेतात काय पिकतं, असं विचारत जा. एका बैठकीत उरकू नका. सकाळी, पोटात अन्न असताना, चार-पाच वेळा बसा आणि प्रत्येक वेळी सांगितलेलं वेगळ्या कागदावर लिहा. जे शब्द पुन्हा पुन्हा येतात ते धरायचे. दोन नावांतलं एक बहुधा भावाचं किंवा बापाचं असतं, तेही टाकून देऊ नका.

हातावर गोंदण असेल तर फोटो घ्या, तेलुगू अक्षरात नाव असू शकतं. दाढी काढायची असेल तर त्याला विचारून, आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही फोटो ठेवा. घरच्यांच्या डोक्यात बिनदाढीचा चेहरा असतो. फोटो फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. खोटे नातेवाईक उभे राहतात, आणि गावभर ‘वेडा झाला’ अशी बातमी आधी पोचली की घरचे दार लावून घेतात. आणि मान हलवली म्हणजे होकार असं धरू नका. शब्दांत, त्याच्या भाषेत विचारा: कोणाकडे जायचं आहे?

कलमबहाद्दर
पोलिसांबद्दलची भीती अगदीच अनाठायी नाही. १९५९ चा भिक्षा प्रतिबंध कायदा महाराष्ट्रात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली मुख्य कलमं २०१८ मध्ये रद्द ठरवली ती दिल्लीपुरती. म्हणून ठाण्यात जाताना अर्जात ‘भीक मागतो’ हा शब्दच नको. ‘मानसिक आजाराची लक्षणं असलेली, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी बेघर व्यक्ती’ असं लिहा आणि मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७, कलम १०० असा उल्लेख करा. ठाणे अंमलदार अर्ज वाचतो तेव्हा कोणत्या कायद्याचा विषय आहे हे पहिल्या ओळीतच ठरतं.

कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेणं ही ठाणे प्रमुखाची जबाबदारी आहे. जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत जास्तीत जास्त २४ तासांत तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. दाखल करण्याची गरज नाही असं डॉक्टरांनी सांगितलं तर बेघर माणसाला सरकारी निवाऱ्यात पोचवायचं, पुन्हा स्टँडवर नाही. याच कलमाच्या पोटकलम ७ मध्ये मिसिंगची नोंद संबंधित ठाण्यात करायची आणि कुटुंबाचा शोध ठाणे प्रमुखाने घ्यायचा, असं स्पष्ट आहे. ‘मिसिंग त्याच्या गावच्या ठाण्यात’ हे उत्तर मिळालं तर हे पोटकलम दाखवा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढे रुग्णालयात, गाडीत, त्याच्या गावच्या ठाण्यात, सगळीकडे हाच कागद चालतो.

दाखल करायला नातेवाईक नाही म्हणून अडवतात. कलम १४ मध्ये त्याची सोय आहे: मानसिक आजारी व्यक्तींसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या प्रतिनिधीला तात्पुरता नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या बाजूने निर्णयात मदत करणारा, म्हणून घेता येतं. कलम ८९ खाली अशा प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करण्याची मुदत पहिल्यांदा ३० दिवसांपर्यंत असते. बेघर व्यक्तीला सरकारी संस्थेत उपचार मोफत आहेत, रेशनकार्ड असो वा नसो (कलम १८).

आधार कार्डाचंही सांगतो, कारण यात बराच घोळ होतो. बोटांचे ठसे देऊन पत्ता काढून द्या अशी मागणी पोलिसांनी केली तरी आधार प्राधिकरण माहिती देत नाही, त्याला उच्च न्यायालयाचा आदेश लागतो. पण ती व्यक्ती स्वतः आधार सेवा केंद्रात गेली आणि नवी नोंदणी केली, तर आधी आधार असल्यास नोंदणी फेटाळली जाते. ठसे जुळले याचा तो पुरावा. मग स्वतःच्या ठशांवर हरवलेलं आधार परत मिळवता येतं. नागपूरच्या केंद्रातून हरवलेली माणसं अशीच घरी गेल्याच्या बातम्या वाचल्या असतील. मजुराचे ठसे झिजलेले असतात, तेव्हा बुबुळांचा आग्रह धरा.

वॉर्ड नं ४
शोध आणि उपचार एकदमच सुरू करा. घर सापडल्यावर उपचार बघू असं म्हणणाऱ्यांचीच माणसं दोन महिन्यांत परत रस्त्यावर दिसतात.

आधी पाय. जखमेत अळ्या आहेत का, पाय सुजलाय का, बोटं काळी पडली आहेत का ते बघा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेहाचा पाय रेल्वेच्या रात्रीच्या प्रवासात चिघळतो. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर थुंकीची तपासणी, सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे.

दारूचं हलक्यात घेऊ नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, घाम. ‘प्रवासाच्या दिवशी प्यायला देऊ नका’ एवढंच सांगून गाडीत बसवलं तर नेमका हा काळ गाडीत येतो. रोज किती पितो ते शोधा. रोजचं असेल तर दारू सोडवणं रुग्णालयात, आणि ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं (बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन द्या म्हणून डॉक्टरांना आठवण करा. गर्दीच्या कॅज्युअल्टीत ते राहून जातं.

बडबड म्हणजे स्किझोफ्रेनियाच असं नाही. ताप, डोक्याला मार, दारू, कशानेही होतं. निदान मानसोपचारतज्ज्ञच करतील. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, वार आधी विचारून घ्या. मोठी दाखल करण्याची सोय ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत. फोनवर सल्ला हवा असेल तर टेली-मानस, १४४१६.

औषध लागू पडायला काही आठवडे जातात आणि पत्ता बहुतेक वेळा तेव्हाच बाहेर येतो. तोवर ‘पालमूर’ एवढंच म्हणणारा माणूस एक दिवस मेव्हण्याचं नाव आणि गावातल्या दुकानाची खूण सांगतो. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याच्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातला क्रमही असाच आहे: आधी उपचार, मग पत्ता, मग सोबत जाणारा सामाजिक कार्यकर्ता. त्यांच्याशी किंवा अशाच संस्थेशी बोलून घ्या, जागा असेल तर तुमचं निम्मं काम होईल.

लालपरी
पालनपूरचं ऐकून अंगावर काटा आला. समजा घर सापडलं. मग फोन करून ‘येऊन घेऊन जा’ म्हणायचं की आपण न्यायचं?

पायवाट
परवडत असेल तर घरच्यांना बोलावू नका, आपणच न्या. मजुराच्या घरून दोन माणसं यायची म्हणजे आठवड्याची रोजंदारी बुडते, उसने पैसे काढावे लागतात, आणि ‘येतो’ म्हणून सांगितलेली तारीख पुढे पुढे जाते. शिवाय घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिथे आधार आहे की नाही हे कळत नाही.

त्याआधी गावच्या ठाण्यामार्फत खातरजमा. मग व्हिडिओ कॉल. त्यात आधी तुम्ही बोला आणि नातं पडताळा: शाळेत कुठवर शिकला, अंगावर खूण कुठली, केव्हा आणि कोणाबरोबर गेला. फोटो पाठवण्याआधी ही उत्तरं घ्या, नंतर घेतलेल्या उत्तरांना किंमत नाही. कॉलवर त्याला बसवाल तेव्हा त्याचा चेहरा बघा. ओळखून आक्रसला तर थांबा. बाई असेल तर हा नियम दुप्पट कडक: ती मारहाणीतून निघालेली असू शकते, तिच्या परवानगीशिवाय ती कुठे आहे हे घरी कळवायचं नाही.

जमिनीचा प्रश्न मोकळेपणाने विचारा. माणूस सात वर्षं बेपत्ता असला की कायद्यात तो मेला असं गृहीत धरता येतं. कधी त्याआधीच भावांनी वाटण्या केलेल्या असतात, बायकोने दुसरं घर केलेलं असतं. जमिनीची वाटणी झालेल्या घरी तो भाकरीचा नव्हे, हिश्श्याचा वाटेकरी म्हणून परततो. अशा वेळी बहीण किंवा मामा बरा. आधार कोणाचा हे नात्याच्या जवळिकीवरून ठरवू नका.

प्रवासात दोन जण सोबत, एक तेलुगू बोलणारा. खालचा बर्थ घ्या, झोपेची गोळी दिलेल्या माणसाला वर चढवू नका. दाराजवळची सीट टाळा, संडासला सोबत जा आणि मोठ्या स्टेशनवर गाडी थांबली की जास्त लक्ष ठेवा, माणसं तिथे उतरून जातात. खिशात एक कागद: नाव, डिस्चार्जचा सारांश, तुमचा नंबर, तेलुगू आणि इंग्रजीत. दिवसा पोचा. आधी गावच्या पोलीस ठाण्यात, मग सरपंच किंवा पंचायत सेक्रेटरी बरोबर घेऊन घरी. पोच ठाण्याची घ्या, घरच्यांचा अंगठा पुरेसा नाही.

औषधं किमान दोन महिन्यांची द्या आणि चिठ्ठीवर ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं, नाहीतर तिकडच्या मेडिकलवाल्याला तेच औषध सापडत नाही. पुढचा दवाखाना निघण्याआधी ठरवा: महबूबनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची मानसोपचार ओपीडी, किंवा हैदराबादचं एर्रगड्डा इथलं सरकारी मनोरुग्णालय. गोळ्या घेणार नाही असं दिसलं तर महिन्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी इथेच बोला. घरात गोळ्या कोण देणार त्या व्यक्तीला समोर बसवून समजवा. ‘सगळे मिळून बघतो’ म्हणजे कुणीच बघत नाही. रेशनकार्डावरून कमी झालेलं नाव परत चढवायला मीसेवा केंद्र (तेलंगणातलं सरकारी सेवा केंद्र), आणि तोंडाने सांगून येऊ नका, अर्ज भरूनच या.

परत आल्यावर फोन: तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी, आणि गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी. शेवटचा फोन सगळ्यांत महत्त्वाचा.

निवारा
वरचं सगळं बरोबर, तरी एक टोचणारी गोष्ट. हाच धागा वाचून कुणीतरी पुलाखालच्या कुटुंबांनाही ‘गावी पाठवू’ म्हणेल. त्यांचं काम, रेशन, मुलांची शाळा, उधारी देणारा दुकानदार इथे असतो, त्यांचा आधार म्हणजे हा फुटपाथच. गावी घर पडलेलं, काम नाही. त्यांना हवा निवारा: लाख लोकवस्तीमागे एक, बाराही महिने आणि चोवीस तास उघडा असलेला निवारा हा निकष सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमधून आलेला आहे. नगरपालिकेला तो विचारा.

मुलांनीच म्हातारं माणूस आणून सोडलं असेल तर तिथेही लगेच घरी नेऊन सोडू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तसं टाकून देणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आधी १४५६७ ला फोन, मग प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात निर्वाहाचा अर्ज. आदेश हातात असला की घरात गेल्यावर जेवण मिळतं.

लालपरी
कळलं. तिकीट रद्द. उद्या सकाळी अर्ज घेऊन ठाण्यात, तिथून सिव्हिल. वडार वस्तीतले एक काका यायला तयार आहेत. जमलेल्या पैशाचं काय करावं?

वॉर्ड नं ४
दोन सोबत्यांच्या येण्याजाण्याला ठेवा. आणि काकांच्या बुडालेल्या रोजाचे पैसे त्यातूनच द्या, नाहीतर तिसऱ्या बैठकीला ते येणार नाहीत.