जुने फोटो, कॅसेटी, फिल्म डिजिटल करताना : तुमचे अनुभव सांगा

आईच्या कपाटाचा वरचा कप्पा आवरायला काढला आणि त्यातून चार अल्बम, बुटांचा एक खोका भरून सुटे फोटो, अकरा ऑडिओ कॅसेट, सहा व्हिडिओ कॅसेट आणि पत्र्याच्या गोल डब्यात फिल्मचं एक रीळ निघालं. फोटो निदान बघता तरी येत होते. बाकीचं सगळं मुकं. घरात ना व्हीसीआर उरलाय ना टेपरेकॉर्डर. एका व्हिडिओ कॅसेटवर बाबांच्या अक्षरात ‘धाकटीचं पहिलं पाऊल’ असं लिहिलंय. धाकटी म्हणजे मी. ते पाऊल मी अजून पाहिलेलं नाही.

माझं फोटोंचं काम बरंचसं झालंय, ते आधी लिहिते. टेप आणि फिल्म ज्यांनी केल्या असतील त्यांनी सविस्तर लिहा. काय बिघडलं तेही लिहा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी एकदाच करता येतात.

सुरुवातीला मी मोबाइलनेच फोटोचे फोटो काढत सुटले. दोनशे झाल्यावर लक्षात आलं की प्रत्येकात कुठे ना कुठे उजेडाचा डाग आहे आणि कडा वाकड्या आल्यात. मग साधा सपाट काचेचा स्कॅनर घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, ते मोठा करून छापायलाही पुरतात. अंगठ्याएवढे ओळखपत्राचे फोटो मात्र १२०० ला केले. स्कॅनरची ‘आपोआप रंग सुधारा’ ही सोय बंद ठेवा. त्याने आजीची पांढरी साडी निळसर करून टाकली होती. मूळ प्रत टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) ठेवायची आणि रंगांची काय ती दुरुस्ती तिच्या नकलेवर करायची.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो चिकट पानांच्या अल्बमने. वर पारदर्शक प्लास्टिक, खाली गोंदाच्या रेघा. तीसेक वर्षांत फोटो पानाशी एकजीव झालेत. एक मी नखाने कोपऱ्यातून उचलायला गेले आणि आजीच्या गालावरून वरचा थरच तडकला. ती रेघ आता कायमची. त्यानंतर मेण लावलेला डेंटल फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवत गेले. बरेचसे निघाले. जे हटेनात ते फक्त वरचं प्लास्टिक उलगडून पानासकट स्कॅन केले. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो असेल तर तो ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा.

आणि मागची बाजू विसरू नका. एका फोटोत चार मुली ओळीने पायरीवर बसल्यात, कुणाचाच चेहरा ओळखीचा नाही. पाठीवर शिसपेन्सिलीने चार नावं, आणि तिसऱ्या नावाखाली बारीक अक्षरात ‘ही परत आली नाही’. अक्षर आजीचं. आईला काही सांगता आलं नाही. आत्याला विचारलं, तर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग दीड तास बोलली. ते बोलणं मी फोनवर रेकॉर्ड करून त्या फोटोच्याच फोल्डरमध्ये ठेवलंय.

* * *

ऑडिओ कॅसेटचा अनुभव लिहितो. आजोबा नातवंडांना गोष्टी सांगायचे, त्या काकांनी टेप करून ठेवल्या होत्या. साठ मिनिटांच्या पाच कॅसेट.

आधी यंत्राविषयी. माळ्यावरचा जुना डेक लगेच लावू नका. आतले रबरी पट्टे विरघळून डांबरासारखे झालेले असतात आणि असं यंत्र फीत गिळतं. पट्टे बदलून घेतले, हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रबरी रोलर साफ केले आणि आधी एक बिनमहत्त्वाची कॅसेट दोन्ही बाजूंनी वाजवून पाहिली. मग आजोबांची लावली, तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा. कॅसेट उघडून पाहिली तेव्हा कळलं. फितीला हेडवर दाबून धरणारा लोकरीचा चिमुकला तुकडा असतो, त्याचा गोंद सुटून तो खाली पडला होता. पाच स्क्रू काढून दोन्ही चकत्या फितीसकट एका नव्या कॅसेटच्या कवचात बसवल्या. फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते, हात थरथरतो. टेबलावर पांढरा कागद पसरून करा, म्हणजे बारीक चाकं कुठे घरंगळली ते दिसतं. काही कॅसेटना स्क्रू नसतात, कवच चिकटवलेलंच असतं. ते कडेने जपून फोडावं लागतं. फीत तुटली असेल तर साधी सेलोटेप लावू नका. तिचा गोंद पाझरतो आणि पुढच्या वेढ्यांना चिकटतो. जोडायची वेगळी स्प्लायसिंग टेप मिळते.

हेडशेजारी एक लहान स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. कॅसेट चालू ठेवून तो किंचित किंचित फिरवा. एका जागी ‘स’, ‘श’ अचानक स्पष्ट होतात. तिथे थांबायचं. पुढे कॉम्प्युटरवर कितीही मेहनत केली तरी ही स्पष्टता येत नाही.

आता मुख्य अडचण. आवाज आजोबांचा, पण घाईत बोलल्यासारखा आणि पातळ. माझे आजोबा सावकाश बोलायचे. काका म्हणाले, टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरले की रेकॉर्ड होताना फीत हळू फिरते, आणि तीच नीट वेगाने वाजवली की आवाज पळतो. पण नेमका किती पळतोय हे कसं ठरवायचं? हेडफोन लावून ऐकताना मागे टिकटिक ऐकू आली. ते भिंतीवरचं घड्याळ अजून आमच्याकडे आहे, चालू आहे. त्याच्यासमोर बसून मोजलं, मिनिटाला १२० ठोके. टेपवर मोजले तर १२९. ऑडेसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग सात टक्के कमी केला, आणि आजोबा बोलायला लागले. काका शेजारीच बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले. बाजू संपता संपता फरक आणखी वाढत होता, म्हणून दर पाच मिनिटांचा तुकडा वेगळा मोजून दुरुस्त केला. दोन महिने लागले.

खरखर काढण्याच्या सोयीबद्दल एकच सांगतो. मी ती पहिल्यांदा जोरात वापरली आणि खरखरीबरोबर आजोबांचा श्वास आणि ‘हं’ म्हणणारी आजी, दोन्ही पुसून गेले. वॅव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकही बदल न केलेली, आधी बाजूला ठेवा.

* * *

धाग्यातल्या फोटोंबद्दल एक. खोक्यात निगेटिव्ह असतील तर छापील फोटोंच्या आधी त्यांच्याकडे बघा. आमच्या आईबाबांच्या एका फोटोचा रंग उडून तो पार लालसर झाला होता, निगेटिव्हमध्ये बरेच रंग जागेवर होते. ३५ मिमीची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, ३००० डीपीआयला साधारण बारा मेगापिक्सेल मिळतात. धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेड सोय रंगीत निगेटिव्हवर छान चालते. कृष्णधवलवर ती बंद ठेवा, चांदीमुळे ती चित्रालाच धूळ समजते.

छपाईत कडा कापल्या जातात हे मला माहीत नव्हतं. त्याच फोटोच्या निगेटिव्हमध्ये डाव्या कडेला माझी मावशी उभी आहे, हातात आईची चप्पल धरून. छापील फोटोत फक्त तिचं कोपर आहे. इतकी वर्षं आम्ही ते कोपर पडद्याची घडी समजत होतो.

* * *

व्हिडिओ कॅसेटचं मी सांगते, कारण ताई, तुमच्या सहा कॅसेट थांबल्यात आणि सगळ्यात आधी त्याच करायला हव्यात. फोटो अजून दहा वर्षं थांबतील. चुंबकीय फीत दहा ते तीस वर्षांत खराब व्हायला लागते असं धरून चाललेलं बरं. शिवाय यंत्रंच संपत आलीत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हापासून नवा कुणीच बनवत नाही. चालू स्थितीतला मिळाला की आधी सगळ्या कॅसेट उतरवून घ्या, संपादन नंतर करत बसा.

कॅसेटच्या खिडकीतून बॅटरी मारून बघा. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. अशी कॅसेट तशीच लावली तर ती यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे मोकळे होतात.

मी पहिल्यांदा सगळ्यात स्वस्त यूएसबी कॅप्चर (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर घेणारं साधन) वापरलं. सुरुवातीला ठीक, पण अर्ध्या तासानंतर ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. जुन्या फितीचा सिग्नल डळमळतो, मधल्या फ्रेम गळतात आणि आवाज सरकत जातो. व्हीसीआर आणि कॅप्चरच्या मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता जोडून ठेवला, त्यातून सिग्नल स्थिर होऊन बाहेर आला. खरं साधन म्हणजे टाइम बेस करेक्टर, पण ते महाग आणि दुर्मीळ. रेकॉर्डिंग पाल पद्धतीचं (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) असेल तर ७२० बाय ५७६ लाच घ्या आणि चित्र ४:३ ठेवा. पडदा भरावा म्हणून रुंद केलं की घरातली सगळी माणसं आडवी फुगतात. हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात दिसले तर डीइंटरलेस करायचं, म्हणजे एकाआड एक ओळींत नोंदलेलं चित्र सलग करायचं राहिलंय.

मिनी डीव्ही कॅसेट असेल तर वेगळं. तिच्यावर मुळातच डिजिटल नोंद असते, तासाला सुमारे १३ जीबी. फायरवायर केबलने घेतलं तर जशीच्या तशी फाइल उतरते. पिवळ्या पिनेच्या केबलने घेऊ नका. नव्या कॉम्प्युटरला फायरवायर नसतं, नात्यागोत्यात कुणाचा जुना पडलाय का विचारा. मला माझ्या मामांच्या माळ्यावर मिळाला.

* * *

मी सगळं बाहेर दिलं होतं, एका व्यावसायिकाकडे. वीस कॅसेट दिल्या, अठरा परत आल्या. आधी आकडे घातले नव्हते, यादी केली नव्हती, त्यामुळे कुठल्या दोन गेल्या हेही सांगता येईना. बदल्यात डीव्हीडी मिळाल्या, आणि आता त्यातल्या चार वाचल्याच जात नाहीत. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तोही खराब होतो. देताना प्रत्येक कॅसेटला क्रमांक घाला, फोटो काढून ठेवा, फाइल हार्ड डिस्कवर मागा आणि मूळ कॅसेट परत घ्या. डिजिटल झालं म्हणून मूळ वस्तू टाकून देऊ नका, हे कळकळीने सांगतो.

* * *

रिळाविषयी. आमच्याकडे आजोबांच्या कॅमेऱ्यातली सुपर ८ ची (घरगुती चित्रणाची ८ मिमी रुंद फिल्म) सात रिळं होती. सुपर ८ आली १९६५ मध्ये. एका काडतुसात ५० फूट फिल्म, सेकंदाला १८ चौकटींनी तीन मिनिटं वीस सेकंद. तेवढ्यात काय काय बसवायचं हे माणूस ठरवून चित्रण करायचा, म्हणून प्रत्येक दृश्य चार-पाच सेकंदांचं आणि जवळजवळ सगळी कामाची.

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा ॲसिटेट पाया कुजतोय. त्यातून निघणारं आम्लच कुजणं आणखी वाढवतं, त्यामुळे हवाबंद डब्यात कोंडून ठेवू नका आणि बाकीच्या रिळांपासून लांब ठेवा. थंड कोरडी जागा बघा. आणि मोह झाला तरी प्रोजेक्टरवर लावू नका! फिल्म आकसलेली असते, दाते भोकांत बसत नाहीत आणि फाडत जातात. चौकट अडकली तर दिव्याच्या उष्णतेने डोळ्यांदेखत वितळते. आमचं पहिलं रीळ असंच गेलं, माझ्या हातून. बाकीची सहा एकेक चौकट स्कॅन करणाऱ्यांकडे दिली. त्यांना वेग विचारा. जुनी ८ मिमी फिल्म सेकंदाला १६ चौकटींची असते, ती २५ ने चालवली की सगळे पळत सुटतात.

चित्राला आवाज नव्हता. मोठ्या काकूंना शेजारी बसवून दाखवलं आणि त्या बोलत असताना रेकॉर्ड केलं. एका ठिकाणी आजी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणते आणि तोंडावर पदर घेते. काकू चटकन म्हणाल्या, ‘पुरे आता, असं म्हणतायत.’

* * *

फक्त साठवणीबद्दल. दोन वर्षांचं काम एकाच हार्ड डिस्कवर होतं आणि ती टेबलावरून पडली. घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लहान झालेल्या प्रती तेवढ्या उरल्या. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मी आता एक बहिणीकडे ठेवते, आणि दर वर्षी फाइली उघडून बघते. फाइलला स्कॅन केल्याची तारीख आपोआप लागते, ती बदलून फोटोचं साल टाका. नेमकं माहीत नसेल तर ‘१९७० च्या आसपास’ असं नावात लिहा.

* * *

धागा काढणारी पुन्हा. इथलं वाचून आधी व्हिडिओ कॅसेट हातात घेतल्या. बॅटरी मारली, बुरशी नव्हती. व्हीसीआर मिळाला.

‘धाकटीचं पहिलं पाऊल’वर सुरुवातीची अकरा मिनिटं टीव्हीवरचा क्रिकेटचा सामना आहे. कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची टिकली तोडली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही; ती तोडलेली नव्हती, कुणीतरी वरून रेकॉर्ड केलं. त्यानंतर चित्र फाटतं आणि चाळीस सेकंद उरतात. मी चालतच आहे, म्हणजे पहिलं पाऊल आधीच पडून गेलंय. आईचे दोन हात दिसतात, चेहरा चौकटीबाहेर. कॅमेऱ्यामागून बाबा म्हणतात, ‘सोड तिला, सोड, येईल ती.’

उरलेल्या पाचही कॅसेटच्या टिकल्या काल रात्री तोडल्या. रिळाचा डबा उघडून ठेवलाय. वास आंबटच आहे, पण फिल्म अजून वाकते, तुटत नाही. इतपत खराब झालेलं रीळ कुणी स्कॅन करून घेतलंय का? किती चौकटी वाचल्या?