मदत हवी आहे: डब्याच्या पन्हळी पत्र्यावरचा प्लाय सुटतोय

पनवेलफाटा
डब्याला आतून प्लाय मारला होता, दोन फेऱ्यांत सुटायला लागला. पुढच्या भिंतीवरचे दोन तुकडे तर नुसत्या हाताने निघाले. १२ मिमी प्लाय, स्क्रू सगळे वापरतात तेच. कुठला स्क्रू मारू? लांब घेतला तर धरेल का? सोमवारी भरणी आहे आणि असेच अजून तीन डबे करायचे आहेत. कृपया लवकर सांगा.

वाघीणवाला
रेल्वेच्या वाघिणीला आतून भोकं पाडायला परवानगी कोणी दिली? बीसीएन असो वा बीसीएनएचएल (दोन्ही बंद मालवाघिणींचेच प्रकार), तिच्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही. दारापाशी पाणी येतं म्हणून लोक आत पॉलिथिन अंथरतात, भरणी करणाऱ्याचं काम तेवढंच. काढून टाका तो प्लाय.

रंधा
थांबा, डबा म्हणजे वाघीण की कंटेनर? २० फुटी की ४०? साध्या उंचीचा की हायक्यूब? आत माल काय? स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारलेत की खोबणीत? आणि आधी स्क्रू सुटले की प्लाय फुगला? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार!

पनवेलफाटा
वाघीण म्हणालोच नाही मी. कंटेनर आहे, ४० फुटी, हायक्यूब. रेल्वेनेच जातो, पण देशातल्या देशात. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, दीड इंची, प्लायमधून थेट पत्र्यात. उंचवटा दिसला तिथे उंचवट्यावर, नाहीतर जिथे लागला तिथे. माल कुठला याने काय फरक पडतो? प्रश्न स्क्रूचा आहे.

लोखंडकाम
फरक पडतो, पण आधी स्क्रूचं सांगतो. कंटेनरच्या बाजूच्या भिंतीचा पत्रा १.६ मिमी असतो. १२ नंबरच्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूला इंचाला १४ आटे, म्हणजे एका आट्यापासून दुसरा १.८ मिमीवर. याचा अर्थ पत्र्यात एक आटासुद्धा पुरा बसत नाही. उरलेला सगळा स्क्रू बाहेर हवेत. दीडऐवजी तीन इंची मारलात तरी पत्र्यातली पकड तेवढीच राहणार, वर टोक बाहेर येऊन कुणाचा तरी हात फाडणार.

दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. प्लायला आधी मोकळं भोक पाडलं नसेल तर स्क्रूचं टोक पत्रा कापत असताना मागचे आटे प्लायला पकडतात आणि प्लाय स्क्रूवर वर चढतो. डोकं घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण प्लाय आणि पत्रा यांच्यात २–३ मिमी फट राहिलेली असते. गाडी हलली की प्लाय त्या फटीत खेळतो, भोक अंडाकृती होतं आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. काढलेल्या जागी एकदा बघा, भोकं गोल आहेत की लांबट?

पनवेलफाटा
आत्ताच बघून आलो. लांबट आहेत. कडेला गंज आणि बाहेरच्या बाजूला लाल ओघळ. आणि हो, दोन फळ्यांच्या सांध्यावर प्लाय फुगून पोट आलंय.

घरकंटेनर
प्लायपेक्षा पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) फवारून घ्या. ५० मिमी फवारलं की उष्णता, आवाज, घाम (पत्र्यावर आतून धरणारं पाणी) सगळं कमी. मुळशीकडच्या फार्महाऊसच्या कंटेनरांना सर्रास हेच करतात, त्यावर जिप्सम बोर्ड. पुण्यात दर काय चाललाय सध्या, कुणाला माहीत आहे का?

रंधा
ते राहायच्या खोलीला. इथे आत फोर्कलिफ्ट फिरणार. फोमला एकदा काटा लागला की ढलपी निघाली.

पनवेलफाटा, पोट आलं कारण फळ्या कडेला कड चिकटवून बसवल्यात. पावसाळ्यात प्लायच्या कापलेल्या कडा पाणी पितात. दोन फळ्यांमध्ये २–३ मिमी सांधा सोडा, जमिनीपासून १०–१५ मिमी वर उचला, आणि प्रत्येक कापलेल्या कडेला बसवण्याआधी प्रायमरचे दोन हात द्या. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ चा एमआर (साधा, थोडा ओलावा सोसणारा) प्लाय कंटेनरच्या घामात टिकत नाही.

यार्डपास
माल काय ते अजून सांगितलं नाहीत.

पनवेलफाटा
कागदाचे रोल. उभे, फोर्कलिफ्टच्या क्लॅम्पने धरून लावतात. पत्र्याच्या उंचवट्यांनी रोलच्या अंगावर वळ उठतात म्हणून तर प्लाय.

यार्डपास
हेच पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. उभा रोल भिंतीला एका उभ्या रेषेत टेकतो, पोत्यासारखा पसरत नाही. त्या रेषेवर प्लायमागे आधार नसेल तर प्लाय लचकतो आणि स्क्रू ओढतो. शंटिंगचे धक्के पुढे–मागे बसतात, म्हणून पुढची भिंत आधी सुटली. बाजूच्या भिंती नंतर सुटतील. आणि स्क्रूचं डोकं १ मिमी जरी वर राहिलं तरी रोलचे बाहेरचे पदर फाडतं.

डेट्रॉइटकर
इकडे अमेरिकेत कागद अजूनही भरपूर बॉक्सकारमधून (रेल्वेच्या बंद मालडब्यांतून) जातो आणि त्यांतल्या काहींच्या आतल्या भिंतींना लाकडी किंवा प्लायचं अस्तर असतं. पन्हळी किंवा कोनाड्याच्या भिंतीच्या खोबणीत लाकडी भर बसवून अस्तर त्या लाकडात ठोकायची पद्धत जुनी आहे. म्हणजे खिळा लाकडात धरतो, पत्र्यात नाही. भरणीआधी भिंतीत उरलेला खिळा, पट्टीचा तुकडा, ढलपी शोधून काढतात. कागदाला तेवढंही चालत नाही.

रंधा
माझंही हेच म्हणणं. बाजूच्या भिंतीची खोबण ३६ मिमी खोल. तिच्यात ३५ मिमी जाड, ६० रुंद सुक्या लाकडाची उभी रीप बसवा. प्लायमधून ३८ मिमीचा लाकडाचा स्क्रू त्या रिपेत. १२ मिमी प्लायमध्ये जातो, २६ रिपेत, टोक पत्र्याला लागतच नाही. एकही भोक नाही, गळती नाही, आणि आतली रुंदी फक्त प्लायच्या जाडीइतकी कमी होते.

लोखंडकाम
रीप पत्र्याला कशी धरणार? खोबणीच्या बाजू आत उघडत जातात, रीप तिथे अडकून राहत नाही.

रंधा
पीयू (पॉलियुरेथेन) चिकटवण्याने. खाली फरशीत एल अँगल, वर रेलमध्ये दोन स्क्रू. वरची रेल म्हणजे भिंतीच्या माथ्यावरची ३ मिमी जाड पत्र्याची आडवी नळी आहे, तिथे आटा धरतो.

यार्डपास
वरच्या रेलला ड्रिल लावू नका, कृपा करून. रेल, कोपऱ्याचे खांब, दारावरचा हेडर, सिल, कॉर्नर फिटिंग यांच्यावर सगळा डबा उभा असतो. १९७२ च्या सीएससी (कंटेनर सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय) करारानुसार तपासणीत पहिली नजर यांच्यावरच जाते. देशांतर्गत फिरत असला तरी हा डबा उद्या क्रेनखालीच जाणार आहे. पन्हळी पत्र्याला नीट बंद केलेलं भोक चालून जाईल, रेलला नाही.

लोखंडकाम
आणि चिकटवण्याचं पण ऐका. जुन्या रंगावर पीयू लावलंत तर जोड रंगाइतकाच मजबूत. रंग सुटला की रीप त्याच्यासकट येते. भरलेल्या डब्याची भिंत बाहेर फुगते, रिकामी झाली की परत येते. नुसत्या चिकटवलेल्या रिपेला ते झेपत नाही. शिवाय रिपेमागे पाणी अडकून पत्रा आतून कुजतो, आणि ते बाहेरून दिसतही नाही.

रंधा
रंग खरवडून प्रायमर मारून चिकटवली तर धरते. पण रेलचं मान्य. वरचं टोक रेलला न टेकता मोकळं ठेवायचं.

घरकंटेनर
मग आडव्या रिपा का नाही मारत? उंचवट्यावरून आडवी रीप, त्यावर प्लाय. मागच्या उभ्या खोबणीतून हवा वर–खाली खेळते.

यार्डपास
ही बरी सूचना, पण रोलसाठी नाही. आतली रुंदी २३५२ मिमी. दोन्ही बाजूंना २५ ची रीप आणि १२ चा प्लाय धरला तर ७४ मिमी जाते, उरते २२७८. शिवाय दोन आडव्या रिपांमध्ये ६०० मिमी प्लाय अधांतरी राहतो. तिथे रोल टेकला की १२ मिमीचा प्लाय आत जातो, १८ चा घ्यावा लागेल. पोत्यांसाठी किंवा पेट्यांसाठी मीही आडव्याच रिपा सांगेन.

लोखंडकाम
रोलसाठी प्लाय सरळ उंचवट्यावरच हवा, कारण आधार दर २७८ मिमीवर मिळतो. आता मूळ घोळ. उंचवट्यापासून उंचवटा २७८ मिमी, आणि प्लाय ४ फुटी म्हणजे १२२०. भागून बघा, ४.३९. म्हणजे फळीची कड कधीच उंचवट्यावर येत नाही, खोबणीवर अधांतरी राहते. तिथेच पोट येतं आणि क्लॅम्पचा काटा तिथेच अडकतो.

फळी १११२ मिमीला कापा. चार गाळे (उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंतची अंतरं) बरोबर, दोन्ही कडा उंचवट्याच्या मधोमध. १०८ मिमीची पट्टी वाया जाते, ती जाऊ द्या. एका बाजूला १० ऐवजी ११ फळ्या लागतील. दोन्ही टोकांना खांबाजवळ पन्हळीचं माप बदलतं, तिथली फळी प्रत्यक्ष टेप लावूनच कापा. पुढच्या भिंतीची पन्हळ आणखी खोल, पत्रा २ मिमी, तिथला गाळाही वेगळा. बाजूचं माप तिथे वापरू नका.

पकडीसाठी बंद टोकाचे एम६ (६ मिमी आट्याचे) स्टीलचे रिव्हनट, म्हणजे पत्र्याच्या भोकात एकाच बाजूने बसवता येणारे आटेदार नट. तुमची उंचवट्यावरची जुनी भोकं ९ मिमीला वाढवली की तीच कामी येतील. लांबट झालेलं भोक ९ च्या बाहेर जात असेल तर तिथे नको, शेजारी २५–३० मिमीवर नवीन पाडा. बर (भोकाच्या कडेची खरखरीत धार) काढा, उघड्या कडेला झिंक प्रायमर, कॉलरखाली पीयू सीलंटचं कडं, मग रिव्हनट ओढा. टोक बंद असल्यामुळे पाणी आट्यातून आत येत नाही. आतला उंचवटा म्हणजे बाहेरची खोबण, त्यामुळे रिव्हनट बाहेरच्या ३६ मिमीत लपतो, शेजारच्या डब्याला लागत नाही.

पनवेलफाटा
बोल्ट कुठला? आणि किती?

लोखंडकाम
एम६ सीएसके (काउंटरसंक, डोकं आत बसणारा), २५ मिमी. प्लायला ६.५ चं मोकळं भोक, डोक्यासाठी काउंटरसंक असा की बोल्ट अर्धा मिमी आत बसेल. आट्यावर निळं थ्रेडलॉकर (आटा सैल होऊ न देणारं चिकटवण). ड्रिल मशीनचा क्लच कमीवर ठेवा. जास्त आवळलं की रिव्हनट जागच्या जागी फिरतो आणि मग तो बाहेर काढणं मोठं दुखणं आहे.

उभ्या ओळीत सहा. प्रत्येक फळीला तीन ओळी, दोन कडा आणि मधला उंचवटा. म्हणजे फळीला १८, एका भिंतीला १९८. दोन भिंती आणि पुढची धरून ४५० आणा. सांध्यावर एकाच ७० मिमीच्या उंचवट्यावर दोन्ही फळ्यांच्या ओळी येतात, त्या ३५–४० मिमी अंतरावर ठेवा, म्हणजे प्लायच्या कडेपासून साधारण १८ मिमी मिळतात. एका ओळीतला बोल्ट दुसऱ्याच्या समोर न आणता थोडा खाली–वर करा.

रंधा
एम६ चं डोकं छोटं आहे, १२ च्या प्लायमधून आरपार ओढलं जाईल. बकेट एलिव्हेटरचे चपटे बोल्ट घ्या, डोकं रुंद असतं. बाहेरून रबरी वॉशर आणि नट.

लोखंडकाम
बाहेर माणूस उभा करायला जागा असेल तर तेही चांगलं. नट बाहेरच्या खोबणीत राहतो. पण यार्डात डबे एकमेकांना चिकटून लावलेले असले की फळी बदलायला बाहेरून हात जात नाही. रिव्हनटवाली फळी आतूनच निघते. फोर्कलिफ्ट खालच्या दोन फुटांतच मारते, ती पट्टी वरचेवर बदलावी लागते. वाटल्यास खालचे २ फूट वेगळी फळी ठेवा.

पनवेलफाटा
बाहेर जागा नाही, शेजारी डबे आहेत. रिव्हनटच. उतरत्या बाजूंवर आणि खोबणीत मारलेली जुनी भोकं आहेत त्यांचं काय?

लोखंडकाम
प्लाय पूर्ण उतरवल्याशिवाय वेल्डिंग करू नका, मागच्या बाजूला ठिणगी जाऊन धुमसते. मग आतून तांब्याची पट्टी धरून बाहेरून मिग वेल्डिंगचा एकेक टाका, ग्राइंडरने सपाट, दोन्ही बाजूंना झिंक प्रायमर आणि रंग. सोमवारपर्यंत वेल्डर मिळत नसेल तर सीलंट लावून बंद टोकाचा रिव्हेट ठोका.

वाघीणवाला
कंटेनर आहे हे आत्ता वाचलं, माझा प्रतिसाद मागे घेतो. एकच भर घालतो. बाजूच्या भिंतीवर अगदी वर छोट्या जाळीच्या खिडक्या असतात, त्या झाकू नका. कागद रात्रीतला घाम शोषतो.

रंधा
हायक्यूबमध्ये ८ फुटी फळी लावली की वर साधारण २५० मिमी मोकळे राहतात. खिडक्या तिथेच येतात, त्यामुळे वर प्लाय वाढवू नका. फळीखालची फटही मोकळी ठेवा, पाणी उतरायला वाट हवी.

यार्डपास
दाराकडची कड विसरू नका. आतली रुंदी २३५२ असली तरी दाराचं तोंड २३४०. दोन्हीकडे १२ मिमीचा प्लाय लावला की तो दाराच्या चौकटीच्या आत साधारण ६ मिमी पुढे येतो. क्लॅम्पवरचा रोल आत येताना पहिल्यांदा तिथेच घासतो. शेवटच्या फळीची पुढची कड १०० मिमीपर्यंत रंध्याने उतरती करा आणि वर ३ मिमी लोखंडी पट्टी, तीही सीएसके डोक्यांनी, प्लायच्या पातळीत खाचून.

घरकंटेनर
पीयूएफच्या दराचं कुणी सांगेल का?

पनवेलफाटा
वेगळा धागा काढा ना. बाकी सगळ्यांना विचारतो, सोमवारी एकच भिंत होईल असं दिसतंय. पुढची आधी घेऊ की बाजूची?

यार्डपास
पुढची. आणि या फेरीला बाजूच्या भिंतींवरचा सैल प्लाय उतरवून ठेवा, सुटलेल्या स्क्रूंसकट तसाच पाठवू नका. रोल आणि पत्रा यांच्यामध्ये उभे जाड पुठ्ठे लावा, दोन उंचवट्यांवर बसतील इतके रुंद. पुढच्या भिंतीला ४२ रिव्हनट पुरतील. ड्रिल बिट ९ मिमीचे तीन घेऊन ठेवा, कॉर्टेनवर (कंटेनरच्या गंजरोधक पोलादावर) ते लवकर बोथट होतात.