जॉन शर्ली: सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी आणि त्याची गाणी नेमकी कोणती?

अनवट

'मिररशेड्स' हा विज्ञानकथासंग्रह (१९८६, संपादक ब्रूस स्टर्लिंग) वाचताना 'फ्रीझोन' ही कथा सगळ्यांत जास्त आवडली. लेखक जॉन शर्ली. आता त्याचं आणखी काही वाचावं म्हणून शोधायला गेले, तर पुस्तकांची रांगच लागली. त्यातली निम्मी व्हिडिओगेम आणि सिनेमांवर बेतलेली दिसतात. शिवाय हा गडी पंक बँडमध्ये गायचा म्हणे. तर जाणकारांना विचारायचं आहे:

सुरुवात कुठून करू? 'एक्लिप्स'च्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात, त्यातली कोणती घ्यावी? आणि त्याचा आवाज नक्की कोणत्या रेकॉर्डवर आहे? नेटवर 'सॅडो-नेशन' आणि 'ऑब्सेशन' या नावांखाली जे सापडलं, त्याचा एकमेकांशी काही संबंधच वाटत नाही.

धारप वाचत वाढलेय, त्यामुळे भय चालेल. नुसतं रक्त नको.

जुनाबाजार

'फ्रीझोन' आवडली ना, मग रस्ता सोपा आहे. ती 'एक्लिप्स' कादंबरीचाच भाग आहे. मोरोक्कोच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये तरंगणारं शहर, जुन्या वळणाचा गिटारवाला रिकनहार्प, त्याचा फुटत चाललेला बँड, हे सगळं कादंबरीत भेटेलच. पण तिथे ते एका मोठ्या कथानकाचा एक धागा आहे. युरोपात रशियाशी युद्ध पेटलंय, 'सेकंड अलायन्स' नावाची खासगी सुरक्षा कंपनी बंदोबस्ताच्या नावाखाली फॅसिस्ट राजवट आणू पाहतेय, तिच्याविरुद्ध 'न्यू रेझिस्टन्स' उभी राहतेय आणि वर अंतराळातल्या वसाहतीत आणखी एक संघर्ष चाललाय. पहिल्या शंभर पानांत पात्रं फार येतात. नावं कागदावर टिपून ठेवा, नाहीतर अंतराळातली प्रकरणं आली की कोण कुणाच्या बाजूचा हेच कळेनासं होतं.

आवृत्त्यांचा घोळ असा. पहिला भाग १९८५ मध्ये ब्लूजे बुक्सने काढला. ती प्रकाशनसंस्था लवकरच गुंडाळली गेली. पुढचे दोन भाग, 'पेनम्ब्रा' (१९८८) आणि 'कोरोना' (१९९०), दुसरीकडून आले. तिसरा भाग येईपर्यंत बर्लिनची भिंत पडली होती, पुढच्या वर्षी सोव्हिएत संघही गेला, आणि कादंबरीतलं युद्ध तर त्याच्याशीच. म्हणून शर्लीने नंतरच्या आवृत्त्यांसाठी मजकुरावर पुन्हा हात फिरवला. २०१२ मध्ये प्राइम बुक्सने तिन्ही भाग 'अ साँग कॉल्ड यूथ' या नावाने एका जाड खंडात काढले. वाचायला तेच घ्या. सुटे भाग घ्यायचेच असतील तर विक्रेत्याकडे कॉपीराइटच्या पानाचा फोटो मागा. त्यावर फक्त १९८५ असेल तर तो जुना मजकूर. पहिला भाग जुना आणि पुढचे सुधारित, अशी सरमिसळ तेवढी करू नका.

पण माझं मत विचाराल तर त्याआधी 'सिटी कम अ-वॉकिन' (१९८०) वाचा. एक तर ती छोटी आहे, दोन-तीन बैठकांत संपते. दुसरं, शर्ली काय चीज आहे ते तिथेच कळतं. सॅन फ्रान्सिस्कोत स्टू कोलचा 'क्लब अॅनेस्थेसिया' आहे. एका रात्री तिथे आरशासारखा गॉगल घातलेला एक माणूस येतो, आणि तो माणूस म्हणजे खुद्द सॅन फ्रान्सिस्को शहर. शहराला चीड कशाची आलीय? पैसा नोटांतून इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत गेलाय आणि ती यंत्रणा गुंडांच्या टोळीने ताब्यात घेतलीय. १९८० साली! कोलच्या जोडीला कॅट्झ वेलेन नावाची गायिका आहे, आणि तिचे मंचावरचे प्रसंग असे उतरलेत की लिहिणारा स्वतः माइकसमोर उभा राहिलेला आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. स्टेजवरचे दिवे, घाम आणि पहिल्या रांगेतला वैर धरून बसलेला एखादा चेहरा, हे तो बाहेरून बघून लिहीत नाही.

विल्यम गिब्सनचं 'न्यूरोमॅन्सर' याच्यानंतर चार वर्षांनी, १९८४ मध्ये आलं. 'सिटी'च्या पुढच्या पुनर्मुद्रणाला गिब्सनची प्रस्तावना आहे आणि तिच्यात त्याने या कादंबरीचं ऋण मोकळेपणाने मान्य केलंय. शक्यतो प्रस्तावना असलेलीच प्रत बघा. दोघांनी मिळून लिहिलेली 'द बिलाँगिंग काइंड' (१९८१) गिब्सनच्या 'बर्निंग क्रोम' संग्रहात आहे.

दोष सांगायचा तर हा माणूस घाईत लिहितो. शेवट उरकल्यासारखे होतात, आणि वाक्यावर दुसरा हात फिरवायला हवा होता असं दर पन्नास पानांमागे वाटतं. गिब्सनसारखी घासूनपुसून लख्ख केलेली भाषा इथे शोधू नका.

तीनकॉर्ड्स

संगीताचा घोळ सोडवतो.

सॅडो-नेशन हा ओरेगनमधल्या पोर्टलंडचा बँड, सत्तरचं दशक संपतानाचा. म्हणजे 'वायपर्स' हा पंक बँड जिथून आला तोच अड्डा. शर्ली त्यात सुरुवातीच्या काळात गायचा. नेटवर सहज सापडतो तो त्यांचा 'वी आर नॉट इक्वल' हा १९८३ चा अल्बम. त्यावर आवाज मिश बाँडेज या गायिकेचा आहे, शर्ली तोवर बँडमधून बाहेर पडला होता. अल्बम झकास आहे, जरूर ऐका, पण शर्लीसाठी म्हणून पैसे टाकू नका. पोर्टलंडमध्येच त्याचा 'टेरर रिस्ट' नावाचाही बँड होता.

ऑब्सेशनच्या बाबतीत तुम्हाला बहुतेक दोन वेगळे बँड सापडलेत. शर्लीचा ऑब्सेशन न्यूयॉर्कचा, सेल्युलॉइड या लेबलवरचा. संगीतनिर्माता बिल लॅसवेलने ज्या लेबलसाठी ढीगभर काम केलं तेच हे. दुसरा ऑब्सेशन कनेटिकटचा, हेवी मेटल, गायक माइक व्हेसेरा. स्ट्रीमिंगच्या अॅपवर एका नावाचे दोन बँड एकाच पानावर कोंबलेले असतात. तेव्हा चित्र बघून ठरवू नका, लेबल बघा. 'स्कार्ड फॉर लाइफ' नावाचा अल्बम दिसला तर तो मेटलवाल्यांचा.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्याने 'पँथर मॉडर्न्स' हा बँड काढला. हे नाव तुम्ही 'न्यूरोमॅन्सर'मध्ये वाचलंच असेल. म्हणजे शर्लीकडून गिब्सनने घेतलं आणि गिब्सनकडून शर्लीने, फिटंफाट.

सुटं सुटं शोधण्यापेक्षा 'ब्रोकन मिरर ग्लास' हा संकलित संच मिळवा. ब्लॅक ऑक्टोबर रेकॉर्ड्सने काढलाय आणि १९७८ ते २०११ एवढा काळ त्यात येतो. सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज ओबडधोबड आहेत, तेव्हा आवाज स्वच्छ असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

चाहत्यांनी कॅसेटवरून चढवलेलं काही मिळालं आणि गाणं उगाच चिपमंकसारखं किंवा मरगळलेलं वाटलं, तर दोष बँडचा नसतो, टेप-डेकचा वेग चुकलेला असतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं उघडा आणि वेग बदला. त्यातही पट्टी आणि लय एकत्र बदलणारा पर्याय निवडा, नुसता टेम्पोचा नको. अर्धा सूर म्हणजे साधारण ६ टक्के. आधी २-३ टक्क्यांनी सरकवून बघा. गिटार खुल्या 'ई' तारेवर वाजतेय असं वाटलं तर ट्यूनर लावून तेवढाच सूर जुळवा, बाकीचं आपोआप जागेवर येतं.

आता खरी मेजवानी. ब्लू ऑयस्टर कल्टच्या पहिल्या अल्बमवर (१९७२) 'ट्रान्समेनियाकॉन एम. सी.' हे गाणं आहे. त्यावरून शर्लीने आपल्या १९७९ च्या कादंबरीचं नाव 'ट्रान्समेनियाकॉन' ठेवलं. एवढं वेड होतं. आणि १९९८ मध्ये त्याच बँडच्या 'हेवन फरबिड'ची बहुतेक गाणी त्याने लिहिली! २००१ च्या 'कर्स ऑफ द हिडन मिरर'वरही तो आहे. 'सी यू इन ब्लॅक' आणि 'लिव्ह फॉर मी' लागोपाठ ऐका. पहिल्यात मारकुट्या नवऱ्याच्या बायकोला विधवेच्या काळ्या कपड्यांत बघायची गाणाऱ्याची इच्छा आहे, दुसऱ्यात मेलेल्या भावाची आठवण. दोन्हींत कडव्यागणिक गोष्ट पुढे सरकते. हा कथाकाराचा हात आहे.

निशाचर

भयाचं मी सांगतो, कारण वरच्या दोघांनी त्याला हातच लावलेला नाही.

धारपांच्या वाचकाने 'ब्लॅक बटरफ्लाइज' (१९९८) घ्यावं. या कथासंग्रहाला ब्रॅम स्टोकर पुरस्कार मिळाला. त्याचे सरळ दोन भाग आहेत, 'धिस वर्ल्ड' आणि 'दॅट वर्ल्ड'. पहिल्या भागात अमानवी असं काही नाही, फक्त माणसं आहेत, आणि तोच भाग जास्त भीतिदायक आहे. दुसऱ्या भागात पलीकडचं जग येतं. एका बैठकीत पूर्ण वाचू नका, चवीला कडू आहे, सलग घेतलं की जीभ बधिर होते. दुसऱ्या भागातल्या दोन कथांची नावं थेट गाण्यांवरून आलीत: 'फ्लेमिंग टेलिपॅथ्स' ब्लू ऑयस्टर कल्टवरून, 'ब्लॅक होल सन, वोन्ट यू कम' साउंडगार्डनवरून.

'वेटबोन्स'ला मात्र तूर्त हात लावू नका. हॉलिवूडच्या पार्श्वभूमीवरची व्यसनाची कादंबरी आहे. अमली पदार्थांचं व्यसन आणि सुखाचंच व्यसन यांना त्याने अक्षरशः परजीवी करून टाकलंय. ताकदीची आहे, पण तुम्ही म्हणता ते 'नुसतं रक्त' तिथे बादलीने आहे. न्यूयॉर्कच्या भुयारांतली 'सेलर्स' (१९८२) त्या मानाने सोसवते.

आणि 'द क्रो' (१९९४) पाहिलाय का? ब्रँडन लीचा. त्याच्या पटकथेवर डेव्हिड जे. शो आणि जॉन शर्ली अशी दोन नावं आहेत. मेलेला रॉक गिटारवाला सूड घ्यायला परत येतो! मूळ कॉमिक जेम्स ओ'बारचं आहे, पण हे काम शर्लीने केलं याचं नवल वाटत नाही.

अनवट

सगळ्यांचे आभार. कनेटिकटवाल्यांचा 'स्कार्ड फॉर लाइफ' ऐकूनच मी चक्रावले होते.

आणखी दोन गोष्टी. 'सिटी'ची १९८० ची जुनी प्रत एकाकडे मिळतेय, पण पानं सुटायला लागलीत म्हणतो. घ्यावी का? आणि त्या गेमवरच्या पुस्तकांचं काय, सगळी गाळू?

जुनाबाजार

वाचायला नको, संग्रहाला हवी असेल तर घ्या. त्या काळच्या स्वस्त पेपरबॅकचा कागद आम्लयुक्त असतो, कडेने तपकिरी होत जातो, आणि कण्यातला डिंक वाळून काचेसारखा तडकतो. पुस्तक सपाट उघडलंत की मधोमध दुभंगलंच म्हणून समजा. काटकोनापेक्षा थोडंच जास्त उघडायचं. सुटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात नको, वर्षभरात पिवळे डाग पडतात आणि चिकट थर कागदात मुरतो. पांढरा पीव्हीए डिंक (आपला फेव्हिकॉल त्याच जातीचा, बुकबाइंडिंगचा आम्लमुक्त मिळाला तर उत्तम) बारीक ब्रशने पानाच्या आतल्या कडेला जेमतेम १ मिलिमीटर लावा. पान खोबणीत बसवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. डिंक जास्त झाला तर शेजारची पानंही चिकटतात. पावसाळ्यात हे काम काढू नका, नीट वाळत नाही. पुस्तकाला बुरशीचा वास येत असेल तर मात्र प्रत सोडून द्या, ती बुरशी तुमच्या बाकीच्या कपाटात शिरेल.

निशाचर

गेमवरची सगळी गाळू नका. 'बायोशॉक: रॅप्चर' (२०११) चांगली आहे. गेमच्या आधीची गोष्ट आहे, अँड्र्यू रायन उत्तर अटलांटिकच्या तळाशी ते शहर कसं बांधतो आणि ते आतून कसं सडतं, त्याची. गेम खेळलेला नसला तरी चालतं. पुन्हा एक शहरच मुख्य पात्र, त्यामुळे शर्ली तिथे रमलाय. 'डूम', 'कॉन्स्टंटाइन', 'प्रेडेटर' वगैरे पोटापाण्याची कामं, खुशाल सोडा. जॉन कटर या टोपणनावाने ऐंशीच्या दशकात त्याने 'द स्पेशालिस्ट' ही मारधाडीची मालिकाही लिहिली होती. स्टॅलोनच्या १९९४ च्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत तिचा उल्लेख आहे. रेल्वेप्रवासात वाचून डब्यातच ठेवून यायच्या लायकीची.

तीनकॉर्ड्स

'एक्लिप्स'मधल्या पॅरिसच्या प्रसंगापर्यंत पोचलात की इथे येऊन सांगा. रिकनहार्प, गिटार आणि आर्क द ट्रायम्फ, एवढंच लिहितो. आणि कृपा करून त्याआधी कुणी या धाग्यावर रहस्यभेद करू नका.