अनुभव धागा : ८०डीडी, करसवलत आणि आपला खरा खर्च

ऑफिसात पुरावे जमा करायची वेळ आली की पालकांच्या गटांत ८०डीडीचे (१९६१च्या आयकर कायद्यातलं, अवलंबित दिव्यांग माणसासाठी करपात्र उत्पन्नातून वजावट देणारं कलम) तेच प्रश्न फिरायला लागतात. यंदा आम्ही काही पालक मिळून अर्थमंत्रालयाला अर्थसंकल्पाआधी सूचना पाठवणार आहोत. 'सवलत वाढवा' एवढंच लिहून काही होत नाही, हिशोब मांडावा लागतो. तेव्हा घरात दिव्यांग मूल, भावंड, आईवडील, जोडीदार, कोणीही असो, करात किती सुटलं आणि कुठे अडलं ते मोकळेपणाने लिहा. रुग्णालयांची, कंपन्यांची नावं मात्र नकोत.

माझ्यापासून सुरुवात करते. मुलगा ऑटिस्टिक आहे. दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या वर पण ८०च्या खाली, म्हणून जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची वजावट. ८० किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाख. रक्कम ठोक मिळते, खर्च किती झाला ते बघत नाहीत, हे चांगलंच आहे. पण हे आकडे २०१५च्या अर्थसंकल्पातले. तेव्हापासून स्पीच थेरपीची फी कुठे गेली ते तुम्हीच सांगा. आणि नव्या करपद्धतीत तर ही वजावटच नाही.

माझं खरं दुखणं वेगळं आहे. निदान झालं आणि मी नोकरी सोडली. शाळा, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच, मग घरी आल्यावर तेच व्यायाम, हे कोणीतरी एकाने करायचं असतं, आणि ते कोण करतं हे सांगायला नको. लोक म्हणतात, आता बारा लाखांपर्यंत करच नाही, मग तक्रार कसली? हे बघा. २०२५-२६च्या नव्या पद्धतीच्या दरांनी नवरा-बायकोचं करपात्र उत्पन्न प्रत्येकी १२ लाख असेल तर दोघांचा कर शून्य. तेच २४ लाख एकट्याच्या नावावर आले तर सेस (करावरचा उपकर) धरून ३ लाख १२ हजार. आमचा आकडा एवढा मोठा नाही, पण गणित हेच. ज्या घरातला एक पगार मुलामुळे थांबला त्याच घराला कर जास्त.

कदंब : ताई, हा मुद्दा निवेदनात सगळ्यात वर घ्या. ७५ हजारांचे एक लाख केले तरी तुमचं हे नुकसान भरून निघत नाही.

कदंब (पुढे) : माझं थोडक्यात. महाराष्ट्रात दिव्यांग मुलाच्या पालकांना व्यवसाय कर माफ आहे, हे किती जणांना माहीत आहे? वर्षाला अडीच हजार वाचतात. छोटी रक्कम, पण हक्काची. प्रमाणपत्राची प्रत पगार विभागाला द्या, दर महिन्याचे २०० (फेब्रुवारीत ३००) कापले जाणं थांबतं.

धाकटा भाऊ : आईवडील गेले, आता दादा माझ्याकडे असतो. बौद्धिक दिव्यांगत्व, वय पन्नाशीच्या पुढे. ८०डीडीत भाऊ-बहीणही अवलंबित म्हणून चालतात, पण आमच्या एचआरच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पर्याय फक्त 'मूल' आणि 'पती/पत्नी'. कंपनीने टीडीएस कापला तो कापलाच. शेवटी विवरणपत्रात वजावट दाखवून परतावा घेतला. ज्यांना ऑफिस नाही म्हणतं त्यांनी हे लक्षात ठेवा, ऑफिसचा नकार म्हणजे आयकर खात्याचा नकार नव्हे.

ओवीची आई : मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगत्वाला नेहमीच्या प्रमाणपत्राऐवजी वेगळा फॉर्म (१९६१च्या कायद्याखाली १०-आयए) लागतो. तो न्यूरॉलॉजिस्टने (मूल असेल तर बालमेंदूविकारतज्ज्ञाने) किंवा सरकारी रुग्णालयातल्या सिव्हिल सर्जनने भरायचा. मी छापून नेला. डॉक्टरांनी पुढून-मागून पाहिला आणि 'हा आमच्याकडे नसतो' म्हणून टेबलावरून परत सरकवला. ओवी व्हीलचेअरवर शेजारीच होती, तिच्या पट्ट्याचा वेल्क्रो सुटला होता, तो मी बसवत होते आणि मागचा पेशंट आत आलासुद्धा. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सही केली. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड सरकारनेच दिलंय, टक्केवारी त्यावर आहे. मग त्याच मुलीसाठी आणखी एक कागद कशाला? यूडीआयडी पुरेसं धरा, ही मागणी माझ्याकडून घाला. सरकारला यात एक रुपयाही खर्च नाही.

जमाखर्च : मी सीए आहे, थोडं कडू बोलतो. ७५ हजारांच्या वजावटीने ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे सेससह २३,४०० वाचतात आणि २० टक्क्यांवाल्याचे १५,६००. रिक्षा चालवणाऱ्या बापाचे शून्य, कारण त्याला करच नाही. गरज मात्र उलट्या क्रमाने असते. म्हणून नुसती वजावट मागू नका, करातून थेट वजा होणारी ठरावीक रक्कम मागा, आणि जे कर भरत नाहीत त्यांना तीच रक्कम खात्यात.

जमाखर्च (पुढे) : सूचना पाठवून काय होणार, असं म्हणणाऱ्यांसाठी. एलआयसीच्या 'जीवन आधार'सारख्या योजनेत पैसे भरणारा पालक वारल्यावरच दिव्यांग मुलाला पैसे मिळायचे. त्याविरुद्धच्या याचिकेतली मागणी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केली नाही, पण सरकारने या अडचणीचा विचार करावा असं कोर्टाने सुचवलं. २०२२च्या अर्थसंकल्पात ८०डीडी कलम बदललं. आता पालक साठीचा झाला आणि हप्ते थांबले की त्याच्या हयातीतही पैसे मिळू शकतात. हरलेल्या याचिकेने कायदा हलला.

पांढरी काठी : मी पालक नाही, स्वतः दृष्टिहीन नोकरदार आहे. माझी वजावट ८०यू (करदाता स्वतः दिव्यांग असेल तर मिळणारी), तीही नव्या पद्धतीत गेली. पण ऑफिसला येण्याजाण्याचा दिव्यांगांसाठीचा प्रवासभत्ता ठरावीक मर्यादेपर्यंत नव्या पद्धतीतही करमुक्त आहे. म्हणजे 'नव्या पद्धतीत सवलती नसतातच, ती सुटसुटीत ठेवायची आहे' हे उत्तर कोणी दिलं तर ते पूर्ण खरं नाही. दिव्यांगांसाठी अपवाद एकदा केलेला आहे. ८०यू आणि ८०डीडीसाठी तसाच का नाही, एवढं त्यांना लेखी विचारा.